'मला पोटात दुखत आहे': ऑटिझम आणि बोलण्यातला सूर

पाच वर्षांपूर्वीचा जुलै महिना. पावसाळ्यात मुलांच्या डॉक्टरच्या दवाखान्याची काय अवस्था असते ते तुम्हाला माहीत आहेच. बाहेर छत्र्यांची रास, आत ताप-खोकल्याची पोरं, आणि संध्याकाळचे साडेआठ वाजले तरी बाकावर दहा-बारा जण. त्या गर्दीत अकरा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. त्याला आपण 'दादा' म्हणू, कारण त्याची धाकटी बहीण त्याला तसंच म्हणते. दादा ऑटिस्टिक आहे. साडेतीन वर्षांचा होता तेव्हापासून तो माझ्याकडे येतो. त्यामुळे मी त्याला चांगली ओळखते असा माझा समज होता.

खुर्चीत बसून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत दादा म्हणाला, "मला पोटात दुखत आहे. सकाळी बेंबीजवळ दुखत होते. आता उजव्या बाजूला खाली दुखत आहे."

रेडिओवर बातम्या देतात ना, तसा आवाज. स्पष्ट, एका पट्टीतला, कुठेही कण्हणं नाही. चेहराही शांत.

आई म्हणाली, "मॅडम, सकाळपासून हेच चाललंय. वीस वेळा तरी म्हणाला असेल. आज शाळेत चाचणी होती, म्हणून मला आधी वाटलं बहाणा करतोय."

मी त्याला टेबलावर झोपवलं, पोट दाबून पाहिलं. पोट जरासं घट्ट लागलं. पण दादाला कुणी हात लावलेला आवडत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून अंग आखडलं असेल असं मी धरून चालले. दाबताना माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होतं. चेहरा काही बोलला नाही. "दुखतंय का?" असं विचारल्यावर तो "हो, दुखत आहे" म्हणाला, त्याच बातम्यांच्या आवाजात. मी गॅसचं आणि पोटदुखीचं औषध लिहून दिलं, "उद्या बरं वाटेल हं" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. रात्रीपासून उलट्या, अंगात ताप, आणि वाकून चालतोय. सोनोग्राफी झाली, तासाभरात ऑपरेशन ठरलं. अपेंडिक्स फुटलं होतं. पोटात पू पसरला होता. एरवी दोन-तीन दिवसांत घरी जाणारं मूल, दादा नऊ दिवस सलाईनवर हॉस्पिटलात राहिला.

ही गोष्ट मी दादाच्या आणि त्याच्या आईबाबांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

त्या रात्री मी दवाखान्यात जाऊन त्याचा केसपेपर काढला. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: सकाळी बेंबीजवळ दुखणं, आता उजवीकडे खाली, जेवण नको. एमबीबीएसच्या कुठल्याही विद्यार्थ्याला या तीन ओळी दाखवा, तो अर्ध्या मिनिटात अपेंडिक्स म्हणेल. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं ही त्या आजाराची पुस्तकातली पहिली खूण. फार थोडी मुलं इतकं नेमकं सांगू शकतात. अकरा वर्षांच्या मुलाने मला तयार निदान आणून दिलं होतं, मी ते लिहूनही घेतलं होतं, आणि तरी ते मला ऐकू आलं नव्हतं. का? कारण आवाज दुखणाऱ्या माणसाचा नव्हता.

बोलण्यात शब्द असतात आणि शब्दांवर चढवलेला सूर असतो. आपण मराठी माणसं त्याला 'हेल' म्हणतो. नागपूरकराचा हेल वेगळा, कोल्हापूरकराचा वेगळा, मालवणी माणसाचा आणखी वेगळा. पण गावावरून येणारा हेल सोडला तरी प्रत्येक वाक्याला चाल असते. "तू आलास" हे दोन शब्द शेवटी खाली सोडले की विधान, वर नेले की प्रश्न. 'बरं' या एका शब्दात होकार, संशय, कंटाळा, धमकी, सगळं बसतं. सासूबाईंचा 'बरं' आणि बॉसचा 'बरं' यांतला फरक कुठल्याही शब्दकोशात सापडायचा नाही.

शरीराच्या भाषेत सांगायचं तर आवाजाची पट्टी स्वरयंत्रातले स्वरतंतू किती वेगाने कंप पावतात त्यावर ठरते. प्रौढ पुरुषांत सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बायकांत दोनशेच्या आसपास, लहान मुलांत त्याहून जास्त. बोलताना आपण ही पट्टी सतत वरखाली करतो. शिवाय आवाजाची उंची, अक्षरं लांबवणं, थांबणं, शब्दावर जोर देणं हे सगळं एकाच वेळी चालू असतं. समोर बाळ असेल तर आवाज आपोआप वर जातो, मयताला गेलो की आपोआप खाली येतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून ते सगळ्यांना असंच जमत असणार असं आपण गृहीत धरतो.

बऱ्याच ऑटिस्टिक व्यक्तींत हा सूर वेगळा बसतो. ही गोष्ट आजची नाही. ऑटिझमवरचं अगदी सुरुवातीचं लिखाण म्हणजे लिओ कॅनर यांचा बाल्टिमोरमधल्या ११ मुलांवरचा १९४३ चा लेख आणि त्यानंतरच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अस्पर्गर यांनी लिहिलेला प्रबंध. अस्पर्गरनी तर आवाजांचं वर्णनच करून ठेवलं आहे. कुणाचा लांबून आल्यासारखा हळू, कुणाचा कर्कश, कुणाचा गाण्यासारखा हेलकावे खाणारा, तर कुणाचा कविता पाठ म्हणून दाखवल्यासारखा. यात महत्त्वाचं हे की 'ऑटिझमचा आवाज' असा एकच आवाज नाही. माझ्याकडच्या मुलांत दादासारखे बातम्या देणारे आहेत, दर वाक्याच्या शेवटी प्रश्नासारखा सूर वर नेणारी एक मुलगी आहे, आणि दवाखान्यात शिरल्याबरोबर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलणारा एक छोटा पैलवान आहे. ज्यांच्या बोलण्यात काहीच वेगळं जाणवत नाही असे ऑटिस्टिक लोकही पुष्कळ आहेत, आणि मुळात तोंडाने न बोलणारेही.

दुसरी गंमत मोजमापाची. ज्यांना आपण 'एकसुरी' म्हणतो त्यांचा आवाज यंत्रावर मोजला की अनेकदा उलटच दिसतं. पट्टीचे चढउतार इतरांपेक्षा जास्त भरतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या मंडळींनी २०१० साली आपल्याकडच्या ऑटिस्टिक मुलांचं बोलणं असं मोजलं होतं, आणि त्यांना आई तान्ह्या बाळाशी बोलते तसे मोठे चढउतार आढळले. मग आपल्या कानाला ते वेगळं किंवा सपाट का वाटतं? बहुधा चढउतार असतात पण आपण अपेक्षा करतो त्या जागी नसतात. तबलजीने समेवर न येता भलतीकडे थाप मारली की आपण त्याला बेताल म्हणतो, त्यातला प्रकार. निरनिराळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही, नुसत्या आवाजावरून ऑटिझम ओळखता येईल अशी एकही खात्रीची खूण सापडलेली नाही. तेव्हा 'मोबाईलवर मुलाचा आवाज रेकॉर्ड करा, निदान मिळवा' असं कुणी विकत असेल तर पैसे वाचवा.

हे का होतं याचं एका वाक्यात उत्तर नाही. समोरच्याचा सूर नकळत उचलणं, स्वतःचा आवाज ऐकून तो जुळवणं, ओठ-जीभ-श्वास यांचा मेळ, आणि शब्द शोधण्यातच खर्च होणारं लक्ष, हे सगळं कमी-जास्त प्रमाणात त्यात असतं. कान कच्चा असतो असं मात्र नाही. काही ऑटिस्टिक मुलांचा सुराचा कान आपल्यापेक्षा कितीतरी तयार असतो. दादा पेटी शिकतो. माझ्या खोलीत लसी ठेवायचा जुना फ्रीज होता. एकदा तपासणी चालू असताना दादा म्हणाला, "हा फ्रीज पांढरी पाचमध्ये वाजतो. थोडा चढा आहे." घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तो इंजिनियर. त्याने हिशेब करून सांगितलं की आपली वीज पन्नास हर्ट्झची, तिची घरघर शंभराची, आणि पांढरी पाच अठ्ठ्याण्णवला. म्हणजे पोराने दोन हर्ट्झचा फरक ऐकला होता.

काही मुलं शब्द आणि सूर वेगळे काढत नाहीत, अख्खं वाक्य चालीसकट उचलतात. दादा चार वर्षांचा असताना भूक लागली की म्हणायचा, "तुला भूक लागली का रे सोन्या?" अगदी आजीच्या हेलात, शेवटचा 'सोन्या' लांबवून. लोक हसायचे. त्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं, हे वाक्य आलं की मागून पोळी येते! असं ऐकलेलं परत म्हणण्याला 'पोपटपंची' म्हणायची पद्धत होती. आता आपल्याला कळतं की त्यात बहुतेक वेळा सांगणं, मागणं, होकार देणं असं काहीतरी दडलेलं असतं. दादाची बातम्यांची भाषाही अशीच आलेली. त्याचे आजोबा रोज सकाळी सातच्या बातम्या मोठ्याने लावायचे. घरात सगळे 'दुखतंय' म्हणतात, तो एकटा 'दुखत आहे' म्हणतो. ट्युनिशियातली काही ऑटिस्टिक मुलं घरातली बोली सोडून टीव्हीवरची ग्रंथिक अरबी बोलतात, असा एक अभ्यास वाचला तेव्हा मला आपल्याकडची, घरात मराठी असताना कार्टूनमधलं हिंदी किंवा इंग्रजी बोलणारी सगळी पोरं आठवली.

दुसऱ्याच्या सुरातला अर्थ पकडतानाही हीच अडचण येते. मूल दूध सांडतं. आई वैतागून म्हणते, "सांड अजून!" मूल पेला उचलतं आणि उरलेलं सांडतं. मग धपाटा बसतो. या मुलाने आईचं ऐकलं होतं हो. अगदी शब्दशः ऐकलं होतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती, ध्वनिफिती, फोटो अनोळखी लोकांना दाखवले आणि विचारलं, या माणसाशी बोलायला आवडेल का? ऑटिस्टिक माणसांबद्दलचं मत काही सेकंदांतच वाईट झालं. मग त्याच माणसांचं तेच बोलणं नुसतं कागदावर लिहून वाचायला दिलं. तेव्हा मतांतला फरक नाहीसा झाला.

हा निष्कर्ष वाचला तेव्हा मला माझा केसपेपर आठवला. कागदावर दादाचं बोलणं मला लगेच कळलं होतं. कानाने ऐकताना सुराने त्यावर झाकण घातलं.

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द रुळला आहे, मीही वापरते, पण त्या प्रसंगानंतर तो माझ्या तोंडी जरा अडखळतो. दादा तर मला सगळं सांगत होता. डेमियन मिल्टन नावाच्या, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली हेच मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. पण दोष मात्र आपण एकाच बाजूच्या नावावर लिहितो.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी दादाला भेटायला गेले. नाकात नळी, हाताला सलाईन. मला पाहून तो म्हणाला, "मी मंगळवारी सांगितले होते. उजव्या बाजूला खाली." टोमणा नव्हता. रागही कळत नव्हता. म्हणजे राग नव्हता असं मी म्हणत नाही, मला कळत नव्हता एवढंच. मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "ठीक आहे. मला खूप दुखत होते." त्याच पट्टीत. आई बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, मी आई असून मला कळलं नाही, तुम्हाला काय बोलू?" तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ऑटिस्टिक मुलांना वेदना कमी जाणवतात असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. ते टिकलेलं नाही. नीट मोजून पाहिलं तेव्हा वेदना इतरांइतकी, काहींच्या बाबतीत जास्तच जाणवते असं दिसलं आहे. वेगळी असते ती वेदना बाहेर दिसण्याची रीत. त्यात काहींना पोटातली भूक, कळ आणि भीती यांतला फरक स्वतःलाच चटकन उलगडत नाही. म्हणून आता मी काय करते ते सांगते, घरीही उपयोग होईल.

शब्द खरे धरायचे. ऑटिस्टिक मुलगा 'दुखत आहे' म्हणाला की दुखत आहे, मग सूर कसाही असो. तेच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर ती त्याची किंकाळी असू शकते. आपण आवाज चढवतो, तो मोजणी चढवतो. चेहरा बघून दुखणं ठरवायचं नाही, वागणं बघायचं, आणि तेही त्याच्या नेहमीच्या वागण्याशी ताडून. दादाने त्या दिवशी पेटी उघडली नव्हती. रोज न चुकता उघडतो. मी विचारलंच नव्हतं, आणि आईला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. आता असं मूल आलं की माझा पहिला प्रश्न असतो, "रोज करतो त्यातलं आज काय केलं नाही?" पोट दाबतानाही आधी सांगून, हळूहळू, आणि घट्ट लागलं तर दहा मिनिटांनी पुन्हा. शंका राहिली तर सोनोग्राफी. आणि दादाच्या केसपेपरवर वर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: आवाजावर जाऊ नये. तुमच्या मुलाच्या फाईलवर असं काही लिहून घ्यायला लाजू नका. रात्री-अपरात्री अनोळखी डॉक्टरकडे जायची वेळ आली तर ती एक ओळ फार कामाची ठरते.

पालक विचारतात, "मॅडम, याचं बोलणं नॉर्मल करता येईल का?" स्पीच थेरपिस्टकडे जरूर जावं. आवाज फार मोठा किंवा फार हळू असेल, प्रश्न विचारलाय हे समोरच्याला कळतच नसेल, तर सराव करून फरक पडतो. पण आधी मूल आपलं म्हणणं पोचवू शकतं का ते बघा, मग ते बोलून असो, चित्रं दाखवून असो की टॅबवर बोट ठेवून. सुराचा नंबर नंतर, आणि तोही मुलाला स्वतःला हवा असेल तर. पदोपदी "नीट बोल" म्हणत राहिलं की मुलं बोलणंच कमी करतात, हे मी पाहिलं आहे. माझ्या ओळखीतली एक ताई आहे, तिशीनंतर निदान झालेली, ऑफिसात दिवसभर फोनवर बोलते. फोनसाठीचा हसरा आवाज तिने कॉलेजात असताना मैत्रिणींची नक्कल करून बसवला. ती सांगते की संध्याकाळी घरी आलं की तो आवाज काढून ठेवते, आणि मग नवरा विचारतो, चिडली आहेस का?

एक खबरदारी मात्र हवी. वेगळा सूर म्हणजे ऑटिझम नव्हे. बोलायला उशीर झालेल्या किंवा वेगळ्याच आवाजात बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची ऐकण्याची तपासणी आधी व्हायलाच हवी. आणि घरातल्या कुणाचा नेहमीचा चढउताराचा आवाज हल्ली सपाट झाला असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. नैराश्य, पार्किन्सन, थायरॉइडची कमतरता यांत आवाज बदलतो, आणि हा बदल अचानक झाला असेल तर पक्षाघाताची शक्यता धरून त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

दादा आता सोळा वर्षांचा आहे. मिसरूड फुटली आहे, आवाज फुटून खाली उतरला आहे, त्यामुळे बातम्या आणखीच भारदस्त वाटतात. गेल्या महिन्यात घसा धरला म्हणून आला होता. "मला घशात दुखत आहे. डाव्या बाजूला जास्त." मी बॅटरी घेऊन आधी डावी बाजू पाहिली. टॉन्सिल तिकडेच सुजलेली होती. औषध लिहीत होते तेवढ्यात तो खोलीच्या कोपऱ्याकडे बघून म्हणाला, "फ्रीज बदलला."

"हो रे, जुना बंद पडला. हा नवीन, इन्व्हर्टरचा आहे."

"याचा सूर स्थिर नाही. जुना चांगला होता."

आवडला नाही का, असं मी विचारणार होते. पण ते त्याने सांगितलंच होतं.